पाचशे आठची खिडकी

संध्याकाळी सात वाजले की लाव गेंग पाय बुडवून बसायचा. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारी लाकडी बादली, तिच्यात सोसेल इतकं कढत पाणी, आणि पाण्यात वाटीभर काळं व्हिनेगर. व्हिनेगर त्याची बायको सूछिन घालायची, लग्न झाल्यापासून न चुकता. आमच्या शान्शी प्रांतात व्हिनेगर नूडल्सवर घालतात, सर्दीवर घालतात, पाहुण्याच्या पुढ्यात ठेवतात आणि उरलं तर पिऊन टाकतात, त्यामुळे ते पायांना कशाला, असं कुणी विचारत नाही.

पाय बुडवले की डोक्यात रक्त चांगलं खेळतं म्हणतात. लाव गेंगच्या डोक्यात ते जरा जास्तच खेळायचं, कारण पाय पाण्यात, फोन हातात आणि फोनमध्ये लाव दुआन.

हे दोघे थर्मासच्या कारखान्यात एकाच दिवशी लागले, कामगारांच्या वसाहतीत एकाच खोलीत वरखालच्या पलंगांवर झोपले आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. वय दोघांचंही अडुसष्ट, आणि दोघांच्याही आडनावामागे आता 'लाव' लागलेलं, म्हणजे म्हातारा, लोणच्यासारखा मुरलेला. इथवर बरोबरी होती. मग दुआनच्या मुलीने घात केला. ती शेन्झेनला कसल्याशा कंपनीत कसलंसं काम करायची. ते काम काय, हे दुआनलाही सांगता येत नसे. आई गेल्यावर बाप घरात बसून कोमेजून जाईल म्हणून तिने त्याला फिरायला पाठवायला सुरुवात केली. बाप कोमेजला नाही. कोमेजला तो लाव गेंग.

"ग्वांगझू," असं दुआन मित्रांच्या ग्रुपवर लिहायचा. "गाडीतली खुर्ची बटण दाबलं की पलंग होते. दाबलं. झाली." खाली फोटो: पायांत फुकट मिळालेल्या पांढऱ्या सपाता आणि त्यांच्या पलीकडे खिडकीत ताशी तीनशे किलोमीटरने पळणारी भाताची शेतं. "सकाळचा चहा इथे तीन तास चालतो. तिसऱ्या तासाला डुलकी लागली तर कुणी उठवत नाही." मग चोंगचिंग: "रस्त्यावरून हॉटेलात शिरलो, लिफ्टने बावीस मजले वर गेलो, दार उघडलं तर पुन्हा रस्ताच. या शहराचा जमिनीवर विश्वास दिसत नाही." मग चेंगदू: "पाय चोळून घेतले. चोळणारी म्हणाली, आजोबा, काय मऊ पाय आहेत, कधी चाललात की नाही?"

हे शेवटचं लाव गेंगने तीनदा वाचलं. स्वतःचे पाय पाण्यातून वर काढून पाहिले आणि पुन्हा बुडवले.

"काय म्हणतोय दुआन?" सूछिनने आतून विचारलं.

"झोपा काढतोय. इथे निघतात त्याच, तिकडे जाऊन."

"अंगठा दाबलास का?"

"दाबतो."

ग्रुपवर पहिला अंगठा नेहमी लाव गेंगचाच उमटायचा. जळणाऱ्या माणसाने उशीर केला की लोकांच्या लक्षात येतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडे प्रवासाहून आलेल्या माणसाची धूळ धुवायची पद्धत आहे. पाण्याने नव्हे, जेवण घालून. निघताना उकडलेल्या करंज्या, परतल्यावर नूडल्स, आणि हे जेवण घालायचं सगळ्यात जुन्या मित्राने. आलेला माणूस दाराकडे तोंड करून मानाच्या खुर्चीत बसणार, माशाचं डोकं त्याच्याकडे वळवलेलं असणार, आणि त्याने पहिला घास घेईपर्यंत बाकीच्यांच्या जेवायच्या काड्या हवेत. दोन वर्षांत लाव गेंगने तीनदा लाव दुआनची धूळ धुतली होती. ज्या गाडीची खिडकी उघडतच नाही त्या गाडीतून आलेल्या माणसाच्या अंगावर धूळ कुठून येणार, असं त्याने सूछिनला विचारून पाहिलं.

"पद्धत आहे," ती म्हणाली.

म्हणजे दुसऱ्याचं सुख कान देऊन ऐकायचं आणि ऐकवणाऱ्याला वर मासाही खिलवायचा.

तरी एक गोष्ट लाव गेंगकडे शिल्लक होती. शांघाय.

चौऱ्याऐंशी साली कारखान्यात थर्मासची बुचं संपली. खरेदीचा माणूस पोटाच्या ऑपरेशनमुळे आडवा झालेला, म्हणून गेंगला शांघायला पाठवलं. अकरा दिवसांनी तो चार पोती बुचं घेऊन परतला. तेव्हा गावात शांघाय पाहिलेले तिघे: एक वारला होता, दुसरा बोलत नसे, आणि तिसरा आता गेंग. पहिल्याच दुपारी कारखान्याच्या खाणावळीत त्याच्याभोवती बाकडी सरकली.

"उतरला होतास कुठे?" कुणीतरी विचारलं.

खरं उत्तर असं होतं की आमच्या गावच्या शिफारसपत्रावर कुठल्याच हॉटेलने त्याला दारात उभं केलं नाही, आणि नऊ रात्री तो एका सार्वजनिक न्हाणीघरात झोपला. त्या काळी शेवटचं गिऱ्हाईक अंग पुसून गेलं की तिथले ओले बाक परगावच्या माणसांना झोपायला मिळत. पण समोरच्या बाकड्यावर पॅकिंग विभागातली सूछिन बसली होती, आणि तिच्या काड्या वाडग्यावर थांबल्या होत्या. तोवर ती त्याच्याशी 'वाट सोडा' यापलीकडे बोललेली नव्हती.

"नदीकाठच्या हॉटेलात," गेंगच्या तोंडून निघालं. "ते फिरत्या दाराचं, तिथे."

"खोली कशी होती?"

"पाचशे आठ. खिडकीतून अख्खी नदी. हिरव्या मखमलीचे पडदे."

तो आकडा कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण आला तो कायमचा मुक्कामाला. पुढच्याच वर्षी सूछिनशी त्याचं लग्न झालं. पाचशे आठचीही भरभराट होत गेली. आधी बाथटबला सिंहाचे पंजे फुटले. मग पहाटेचे जहाजांचे भोंगे आले. मग पांढरे हातमोजे घालून चहा आणणारा एक नोकर आला, आणि यथावकाश म्हातारा होऊन निवृत्तही झाला. गावातलं कुणी शांघायला निघालं की आधी लाव गेंगकडे येऊन बसे, आणि तो डोळे मिटून रस्ते सांगे. दुआनने ग्वांगझूची कितीही वाफ सोडली तरी शेवटी कुणीतरी म्हणेच, "हो, पण लाव गेंगची ती खिडकी."

आणि एप्रिलातल्या एका संध्याकाळी, पाय पाण्यात असताना, ग्रुपवर आलं: "पोरीने पुढचं तिकीट काढलं. शांघाय. हॉटेल मी सांगितलं तेच घेतलंय, फिरत्या दाराचं. लाव गेंग, तुझी पाचशे आठ मागून बघतो. खिडकीचा फोटो पाठवीन."

पाणी एकदम निवल्यासारखं वाटलं.

खाली लगेच छोटा निंग उगवला. हा आमच्या मंडळातला सगळ्यात लहान, म्हणून बासष्टाव्या वर्षीही छोटाच. "झकास. चाळीस वर्षं ऐकतोय, आता दिसणार." कारखान्याच्या बालवाडीत शिकवायच्या त्या हानताईंनी टाळ्या वाजवणारं अस्वल पाठवलं.

अंगठा सगळ्यात आधी लाव गेंगनेच दाबला.

निघायच्या आदल्या दिवशी दुआन करंज्या खायला गेंगच्या घरी आला. अंगात फिक्या रंगाचा नवा कोट होता. लाव गेंगला तो कोट दारातच लागला, म्हणजे मनाला.

"शांघायला आत्ता जाण्यात अर्थ नाही," तो म्हणाला. "हवा दमट. भिंतींना पाणी सुटतं."

"हॉटेलात हवा सुकवायचं यंत्र आहे म्हणे."

"जेवण गोड. माशात साखर घालतात."

"सूछिनवहिनी, एक बाटली व्हिनेगर बांधून द्या बरं."

"आणि ते हॉटेल आता तसं कुठलं राहायला. चाळीस वर्षं म्हणजे काय. मजले बदलतात. पाचव्याचा सहावा होतो."

"इमारत तीच आहे."

"आतून पाडली असेल."

"आतून कशी पाडतात?"

"शांघायला पाडतात," लाव गेंग म्हणाला.

दुआनने करंजी व्हिनेगरमध्ये बुडवली, उलटी करून पुन्हा बुडवली. "मी जाऊ नये असं वाटतंय का तुला?"

"मला काय. खुशाल जा. फक्त त्या खोलीचं एवढं मनावर घेऊ नकोस. लहानशीच होती."

"मागच्या नववर्षाला म्हणालास तिच्यात पियानो होता."

"लहान पियानो," लाव गेंग म्हणाला.

सूछिन वाढत होती. तिने दोघांच्याही वाडग्यात एकेक करंजी जास्तीची टाकली आणि आत निघून गेली.

मग पाच दिवस शांघायहून बातम्या येत राहिल्या. "दार अजून फिरतं. दोनदा फिरून घेतलं." "पडद्याला 'उघड' म्हटलं की उघडतो. पण आपल्याकडच्या उच्चारात म्हटलं तर नाही उघडत. शेवटी हाताने ओढला." "संडासाजवळ गेलं की झाकण आपण होऊन उठतं. कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, माझ्यासाठी कधी कुणी उठलं नव्हतं." "टॉवेल मागितला, तर एक यंत्र घेऊन आलं. लिफ्टपाशी मी त्याला आधी जाऊ दिलं. त्याला काम होतं." "शंभराच्या वरच्या कुठल्याशा मजल्यावर गेलो. खाली नुसते ढग. शांघाय दिसलं नाही, पण खुर्ची छान होती."

लाव गेंग हे सगळं वाचत होता आणि त्याला एकाच वेळी दोन रोग झाले होते. एक भीती आणि दुसरी जळजळ. भीती वाढली की जळजळ कमी होईल असं त्याला वाटलं होतं, पण त्या दोघींनी पोट आपसांत वाटून घेतलं. शांघायला धो धो पाऊस पडावा असं मनात येऊन त्याने फोनवर तिथली हवा पाहिली. बावीस अंश, स्वच्छ ऊन, मंद वारा. आपण गेलो होतो तेव्हा सगळे दिवस रिपरिप होती.

पाचशे आठबद्दल मात्र दुआन चकार शब्द काढत नव्हता. तिसऱ्या दिवशी छोट्या निंगने विचारलं, "खिडकीचं काय झालं?" उत्तरादाखल खेकड्याचं सारण भरलेल्या पावांचा फोटो आला. चौथ्या दिवशी हानताईंनी विचारलं. तेव्हा दुआनने लिहिलं, "आल्यावर सांगतो. समोरासमोर."

समोरासमोर हा शब्द लाव गेंगने रात्रभर उशीखाली बाळगला. सकाळी त्याने सूछिनला सांगितलं की छातीत कसंतरी होतंय, बहुधा जेवणाला जमणार नाही.

"धूळ कोण धुणार मग?" ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाला इस्त्री करायला लागली.

जेवण दुपारचं होतं, बाजारातल्या नेहमीच्या हॉटेलात, वरच्या खोलीत. दुआन मानाच्या खुर्चीत, त्याच्या उजवीकडे लाव गेंग आणि सूछिन, डावीकडे हानताई, आणि वाढणाऱ्यांच्या वाटेत दाराला पाठ करून छोटा निंग. दुआनने प्रत्येकाला फुलपाखराच्या आकाराच्या बिस्किटांचा डबा दिला. मासा आला. डोकं दुआनकडे वळलं. लाव गेंगला वाटलं, माशाचा एक डोळा मात्र आपल्याकडे आहे.

"आधी खोलीचं सांग," हानताई म्हणाल्या. "बाकीचं नंतर. मला वय झाल्यामुळे थांबता येत नाही."

दुआनने पहिला घास घेतला. काटा काढून बशीच्या कडेला ठेवला. तोंड पुसलं.

"गेलो होतो," तो म्हणाला. "तिथल्या व्यवस्थापकाला सांगितलं की माझा मित्र चौऱ्याऐंशी साली इथे उतरला होता. फार चांगला माणूस. स्वतः घेऊन गेला. पाचवा मजला, कोपऱ्यावरची खोली. नदी अख्खी दिसते. पडदे बदललेत, पण दांड्या पितळेच्या त्याच. जुन्या पडद्याचा तुकडा काचेत घालून ठेवलाय. हिरवी मखमल."

"आणि पियानो?" छोट्या निंगने विचारलं.

"पियानो नाही. पण लाकडी जमिनीवर त्याच्या पायांचे डाग आहेत. तीन. मी बोट लावून पाहिलं."

टेबलाभोवती एक समाधानाचा उसासा फिरला. क्षणभर, खरंच क्षणभर, त्याला वाटलं की इतकी वर्षं जीव लावून सांभाळलेल्या खोट्याला कुणीतरी शेवटी राहायला जागा दिली असेल. मग त्याने दुआनकडे पाहिलं. दुआन शांतपणे माशाचा गालाकडचा मऊ तुकडा उचलून लाव गेंगच्या वाडग्यात ठेवत होता.

"लाव गेंगच्या खिडकीसाठी," छोटा निंग म्हणाला आणि पेले वर गेले. लाव गेंगने तीन पेले पाठोपाठ रिचवले. चौथ्याला तो म्हणाला, "जरा मोरीकडे जाऊन येतो."

आमच्याकडे भर जेवणात माणूस मोरीकडे जातो म्हणाला तर तो मोरीकडे जात नाही. तो खाली गल्ल्यावर जाऊन गुपचूप पैसे भरतो, म्हणजे नंतर कुणाला भांडायला वाव राहत नाही. लाव गेंग खाली उतरला तर दुआन दुसऱ्या जिन्याने आधीच गल्ल्याशी पोचलेला.

"हात काढ," लाव गेंग म्हणाला.

"तू काढ. तीनदा तू दिलेस."

"पाहुणा कधी देतो का? चार लोकांत तोंड दाखवायचंय मला."

दुआनने फोन डोक्यावर धरला. लाव गेंगने त्याची बाही धरली. अडुसष्ट वर्षांचे दोन पुरुष गल्ल्यासमोर अर्धा फेरा फिरले. मालकीण कलिंगडाच्या बिया सोलत बसली होती, ती तशीच सोलत राहिली.

"गेल्या आठवड्यात इथे एकाचं बटण तुटलं," ती म्हणाली. "मी शोधून देत नाही."

लाव गेंगला धाप लागली. बाही न सोडता तो हळूच म्हणाला, "पाचशे आठ. खरं सांग."

"टॉवेल ठेवायची खोली आहे," दुआनही तितक्याच हळू म्हणाला. "खिडकी नाही. मी आत जायचा हट्ट धरला तर त्यांना वाटलं वरून तपासणी आली. चहा पाजला मला."

"मग वर तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? चार माणसांसमोर, तुझ्याच पैशांचा मासा खाऊन?"

"तुला कधी कळलं?"

"कळलं कधी म्हणजे? तू आलास तेव्हाच. पायांना चिखल्या घेऊन आलास. आठ दिवसांत अख्ख्या खोलीला झाल्या. माझ्या तर नखांपर्यंत गेल्या होत्या. सिंहाच्या पंजांच्या बाथटबातून चिखल्या येत नाहीत, लाव गेंग. न्हाणीघरातल्या लाकडी सपातांतून येतात."

लाव गेंगने बाही सोडली. "चाळीस वर्षं बोलला नाहीस."

"जळत होतो," दुआन म्हणाला. जणू काय हवा कशी आहे ते सांगतोय. "ओल्या बाकावर झोपून आलेला माणूस बोलायला लागतो आणि अख्ख्या खाणावळीच्या काड्या थांबतात. मी चार शहरं पाहिली, आडवा पडून, पायांत सपाता घालून. टेबलावर दुसरा पदार्थ आला की माझं कुणी ऐकत नाही. निंग फोन काढतो. तुझा पियानो आला की तोच फोन खाली ठेवतो. मला पोरीने सगळं दिलं रे. सांगण्यासारखं काही झालंच नाही."

हे ऐकून लाव गेंगला इतकं बरं वाटलं की तो अर्धं मिनिट नुसता उभा राहिला. मन कसं स्वच्छ, न्हाऊन निघाल्यासारखं. त्या अर्ध्या मिनिटात दुआनने पैसे भरून टाकले.

जिना चढताना ते सगळं बरं वाटणं एकेका पायरीवर गळून पडलं. याने आपली लाज राखली. याने पैसेही भरले. हा पलंगावर लोळत शांघायला गेला, आणि वर मनाचा मोठाही हाच. आता मरेपर्यंत आपण पाचशे आठचं नाव काढलं की हा समोर बसून मान डोलावणार, आणि ती मान डोलावणं म्हणजे त्याचं आपल्यावर उपकार करणं. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत लाव गेंगचं ठरलं होतं. ही खिडकी आपली आपण फोडायची. खरं बोलण्याच्या इच्छेने नव्हे. दुआनच्या हाती काही राहू नये म्हणून.

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "पाचशे आठ खोटी आहे. मी तिथे कधी उतरलो नव्हतो. मी न्हाणीघरात झोपलो. नऊ रात्री."

छोटा निंग खुर्ची पुढे सरकवून ऐकायला बसला. तेव्हा त्याला पुढे बोलावंच लागलं.

"कपडे काढले की तिथला माणूस ते लांब बांबूने उचलून छताजवळच्या आकड्याला लावायचा, चोरी होऊ नये म्हणून. रात्रभर वर माणसं टांगल्यासारखी दिसायची, आपली आपणच. मनगटाला लाकडी बिल्ला, दोऱ्याने बांधलेला. माझ्या शेजारी निंगबो शहरचा एक जण होता, त्याच्याजवळ टोपलीभर जिवंत वाम मासे. ते रात्रभर झाकणाला धडका द्यायचे. बाक ओला, छत गळतं, साबणाचा वास इतका की स्वप्नंसुद्धा फेसाळ पडायची. तिसऱ्या रात्री मला घरची इतकी आठवण आली की उठून बसलो. आणि कोपऱ्यात, चहाच्या टेबलावर, थर्मास होता. लाल, पत्र्याचा, त्यावर पिओनीचं फूल. उलटा करून पाहिला. तळाला आपल्या कारखान्याचा शिक्का. आपल्या हातचा. इतक्या मोठ्या शहरात ओळखीचं तेवढंच. मी तो उचलून बाकावर घेतला आणि कुशीत धरून झोपलो. सकाळी त्यातलं पाणी गरम होतं."

छोट्या निंगचा फोन टेबलावर उपडा पडला होता. नूडल्स आल्या होत्या आणि कुणी हात लावला नव्हता. हानताई नाक पुसत होत्या.

"काय सुरेख रचलंस रे," त्या म्हणाल्या. "पियानोपेक्षा सुद्धा बरं."

"रचलं नाही, हानताई. हे खरं आहे."

"असू दे, असू दे. पण दुआनने खोली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली ना. उगाच विनय कशाला?"

"थर्मासचं फार भारी घेतलंत," छोटा निंग म्हणाला. "आणि ते वाम मासे. पुढच्या वेळी वाम मासे आधी घ्या."

लाव गेंगने दुआनकडे पाहिलं. आता तो एकच साक्षीदार होता.

"चौथा पेला चढला त्याला," दुआन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. "बस रे खाली. मी बोट लावून पाहिलंय म्हटलं ना. तीन डाग."

लाव गेंग खाली बसला. चाळीस वर्षं तो मनाशी धरून चालला होता की या मंडळात खोटं बोलावं तर आपणच. आणि हा बाजूला बसलेला, नूडल्स भुरकणारा माणूस, एक थेंब न पिता, कसलीही तयारी न करता, त्याच्या डोक्यावरून निघून गेला होता. तीन डाग. चार म्हणाला असता तर कुणालाही सुचलं असतं. पियानोला पाय तीन असतात हे लाव गेंगला आज कळलं.

संध्याकाळी सात वाजता सूछिनने पाणी ओतलं, व्हिनेगर घातलं आणि समोर स्टुलावर बसली. असं ती कधी बसत नसे.

"वाम मासे खरे होते?" तिने विचारलं.

लाव गेंगने मान वर केली. "तुझा विश्वास आहे?"

"चाळीस वर्षं हे पाय माझ्या घरात आहेत. व्हिनेगर काय उगाच ओततेय?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं. पायांवरून."

"पायांवरून नंतर. त्याच्या आधी आकड्यावरून." तिने बादलीत हात घालून पाणी किती कढत आहे ते पाहिलं. "पाचशे आठ माझा बिल्ला होता. पॅकिंग विभागाचा, एप्रनवर लावायचा. तू खोली आठवत होतास आणि बघत होतास माझ्या एप्रनकडे. ज्याला खरंच खोली आठवायची असते तो असा आठवत नाही."

लाव गेंगला चाळीस वर्षांनी त्या खाणावळीतला उजेड दिसला, आणि त्यात पत्र्याचा लहानसा चौकोन. त्याच्या कानांपर्यंत ऊब गेली. "आणि तरी लग्न केलंस?"

"खोटं मला समोर ठेवून बोलत होतास. राग कसला यायचा."

तो हसला. आज पहिल्यांदाच. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर दुआनने माशाचा फोटो टाकला होता: "धूळ धुतली गेली. सगळ्यांचे आभार. खिडकी विसरता येण्यासारखी नाही." लाव गेंगने सवयीने अंगठा पुढे नेला आणि तो हवेतच राहिला.

"तेव्हा बिल्ले कोण वाटायचं?" त्याने विचारलं.

"कधी?"

"कामाला लागलीस तेव्हा. नंबर कोण द्यायचं?"

"दुआनच तर बसायचा बिल्ले द्यायच्या खिडकीत," सूछिन म्हणाली. "माझ्या बिल्ल्याची पिन वाकडी होती. त्यानेच बाहेर येऊन नीट लावून दिला."

लाव गेंगने दोन्ही पाय पाण्यातून वर काढले. जमिनीवर पाणी सांडलं. चाळीस वर्षं एक आकडा लक्षात ठेवलेला माणूस शांघायला गेला, व्यवस्थापकासमोर उभा राहिला, खोली बघायचा हट्ट धरला, टॉवेलांच्या खोलीत जाऊन उभा राहिला. कुणाची खोली बघायला गेला होता तो? आपली, की त्या बिल्ल्याची?

"पाणी निवतंय," सूछिन म्हणाली. "व्हिनेगर घालू का अजून?"

"घाल," लाव गेंग म्हणाला.

तिने बाटली आणली. ग्रुपवर निंगचा अंगठा उमटला, मग हानताईंचा, मग टाळ्या वाजवणारं अस्वल आलं. लाव गेंगचा अंगठा त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या शेवटी उमटला.